ऐच्छिक, तीन श्रेयांक

ऑगस्ट उजाडला की खिडकी क्रमांक तीनसमोर रांग लागते.
काचेला अर्धगोल भोक आहे. त्यातून आधी आवाज येतो,
मग अर्ज, मग घामेजलेलं मनगट.
मिंदानाओच्या या टेकडीवरचं जेझुइटांचं विद्यापीठ
एकवीस वर्षं मी मनगटांवरून ओळखते.

अर्जावर दोन रकाने.
एक अनिवार्य: ज्याचं निवारण होत नाही,
तापासारखं, करासारखं.
दुसरा ऐच्छिक. तिथे इच्छा लिहायची असते,
पण पोरं तिथे वेळ लिहितात.
"मनांग, मंगळवारी दुपारी काय मोकळं आहे?"

जेरोलिन मागलिंते, लेखाशास्त्र, दुसरं वर्ष,
तिनेही तेच विचारलं.
मोकळा एकच वर्ग होता: भूकंप आणि शोक.
अर्धं भौतिकशास्त्र, अर्धं धर्मशास्त्र.
प्रकार: आंतरविद्याशाखीय.
हा शब्द टंकताना माझी बोटं अजून दोनदा दम खातात.
"सोपा आहे?"
"गणित आहे थोडं," मी म्हटलं.
बाकीचं माहितीपत्रकात नव्हतं.

शिकवायला फादर उदार्बे. वय चौऱ्याहत्तर, पायात रबरी सपाता.
तळघरातल्या भूकंपमापकाला ते म्हातारा म्हणतात
आणि मिस्साआधी रोज खाली जाऊन विचारतात,
झोप लागली का रे.
पहिल्या तासाला त्यांनी सगळ्यांना फरशीवर पालथं झोपवलं.
कान लावा.
बराच वेळ काही नाही. मग कुणी तरी म्हणालं, जनरेटर.
"चला. सुरुवात तर झाली."

(मला कसं ठाऊक?
कर्मचाऱ्यांना सत्राला एक विषय फुकट असतो.
माझाही गाल त्या फरशीला लागला होता.)

ऑक्टोबरात ट्रकने डोंगरापलीकडे गेलो,
सहा वर्षांपूर्वी जमीन जिथे उठून बसली होती त्या गावी.
काय गेलं ते विचारा, एवढाच गृहपाठ.
लाटांचा वेग नंतर काढू.

जेरोलिनने सवयीने वहीत उभी रेघ मारली.
डावीकडे नावे, उजवीकडे जमा.
नावे: शिवणयंत्र. दोन डुकरं. देवळाची घंटा, तडकलेली.
मग त्या रकान्यात खरोखरच नावं यायला लागली.
लिगाया, साडेपाच वर्षं.
तिचा काका, जो तिला आणायला आत गेला.
एक बाई म्हणाली, झऱ्याची चव.
पाणी येतं अजून, पण तसं लागत नाही.

"याची किंमत काय धरू, फादर?"
ते दगडावर बसून कालामान्सी सोलत होते.
"तिने सांगितली तेवढी."

जमेची बाजू कोरीच राहिली.
परतीच्या वाटेवर, धक्क्याधक्क्याला,
ती त्या कोऱ्या बाजूकडे बघत होती,
ताळेबंद जुळल्याशिवाय जिला घास जात नाही अशी पोर.

परीक्षेत तिचं गणित एका दशांशचिन्हाने चुकलं.
उत्तरपत्रिकेला तो ताळेबंद जोडलेला होता,
न जुळलेला, खाली तारीख आणि सही.
फादरांनी लाल शाईत एवढंच लिहिलं:
फरक पुढील पानी ओढावा.

जानेवारीत पुन्हा तेच मनगट, आता त्यावर शाईचा डाग.
"मनांग, लेखाशास्त्राला भूगर्भशास्त्र जोडता येतं?"
येतं. नमुना सात, तीन डीनच्या सह्या.
त्यांतले दोघे एकमेकांशी बोलत नाहीत.
विद्याशाखा म्हणतात त्यांना, म्हणजे फांद्या.
खोड कुठल्या कचेरीत ठेवलंय
ते एकवीस वर्षांत मला कुणी सांगितलेलं नाही.

दोन सह्या झाल्यात. तिसरे मनिलाला गेलेत.
अर्ज माझ्या खणात आहे.
दुपारी रांग संपली की खण कधी कधी थरथरतो, अगदी बारीक.
जनरेटर असेल.
मी टेबलाला कान लावते.